घरगुती वनस्पतीयुक्त मत्स्यालयासाठी प्रकाशयोजनेची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद महाराष्ट्राच्या शहरी व निमशहरी भागात आता नवा राहिलेला नाही. दवाखान्याच्या प्रतीक्षा-कक्षापासून महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यापर्यंत अशा टाक्या सर्वत्र आढळतात. अलीकडे प्लास्टिकच्या शोभिवंत झाडांऐवजी जिवंत जलवनस्पती लावण्याकडे कल वाढला आहे. या प्रयत्नांपैकी पुष्कळ प्रयत्न एका ठरावीक क्रमाने फसतात. पहिले दोन आठवडे सर्व काही हिरवेगार दिसते. पुढे पाने पिवळी पडून विरघळू लागतात. प्रकाश कमी पडत असावा अशा समजुतीने अधिक शक्तीचा दिवा आणला जातो. त्यानंतर काच, वाळू व उरलीसुरली पाने शैवालाने झाकली जातात, पाणी हिरवे होते, कुजणाऱ्या पानांमुळे पहाटेच्या वेळी प्राणवायू कमी पडून मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. अखेरीस टाकी माळ्यावर जाते, वाचलेले मासे ओळखीच्यांना दिले जातात आणि वनस्पती जवळच्या तलावात टाकली जाते.

या साखळीतील निर्णायक चूक बहुधा दिव्याच्या निवडीत असते. ही चूक प्रकाश कमी असल्यापेक्षा अधिक असल्याने घडते, ही बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही. दिव्याच्या खोक्यावर छापलेले आकडे कशाचे माप देतात आणि वनस्पतीला प्रत्यक्षात कशाची गरज असते, या दोहोंतील अंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जलवनस्पती, मासे आणि प्रकाश यांचा परस्परसंबंध हा आधुनिक वनस्पतिशास्त्राच्या पायाभूत विषयांपैकी एक होय. यान इंगेनहाऊस यांनी १७७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्यात बुडवलेल्या पानांवर सूर्यप्रकाशात बुडबुडे येतात व अंधारात ते थांबतात, हे दाखवून दिले. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये पुढचे पाऊल टाकले. त्यांनी एका टाकीत दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती ठेवली. कुजकी पाने पाणी बिघडवू लागल्यावर त्यात गोगलगायी सोडल्या आणि पाणी न बदलता हे छोटे जग टिकून राहते असे निदर्शनास आणले. मत्स्यालय या अर्थी ‘अक्वेरियम’ हा शब्द त्यानंतर काही वर्षांनी, १८५४ मध्ये, फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथामुळे रूढ झाला. वॉरिंग्टन यांच्यापाशी विजेचा दिवा नव्हता. खिडकीतून येणाऱ्या प्रकाशावरच त्यांची टाकी चालली. आजच्या छंदिष्टाने दिव्यांच्या यादीकडे वळण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी वनस्पतीयुक्त मत्स्यालयास कलेचे रूप दिले. लिस्बन येथील सागर-मत्स्यालयात २०१५ मध्ये त्यांनी उभारलेली सुमारे ४० मीटर लांबीची रचना प्रसिद्ध आहे. जगभरच्या छंदिष्टांपुढे आदर्श उभा राहिला तो या शैलीचा, आणि तिच्यासोबत प्रखर प्रकाशाचा आग्रहही आला. अशा टाक्यांमध्ये प्रखर प्रकाशाबरोबर सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड व नियमित खत दिले जाते, ही दुसरी बाजू मात्र छायाचित्रात दिसत नाही. जाता जाता नमूद करण्यासारखी गंमत अशी की, या टाक्यांवर आज जे पांढरे एलईडी दिवे लावले जातात ते शक्य करणाऱ्या निळ्या एलईडीच्या संशोधनासाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी एकाचे आडनावही अमानोच (हिरोशी अमानो) आहे.

हायड्रिलाचा प्रयोग आणि मर्यादक घटक

प्रकाश किती असावा या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोणत्याही दुर्मीळ ग्रंथाची गरज नाही. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या केला जाणारा हायड्रिलाचा प्रयोग त्यासाठी पुरेसा आहे. चंचुपात्रातील पाण्यात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर उलटे नरसाळे व परीक्षानळी ठेवून दिवा जवळ आणला की बुडबुड्यांची संख्या वाढते. दिवा आणखी जवळ आणला की ती आणखी वाढते. परंतु एका मर्यादेनंतर दिवा कितीही जवळ आणला तरी वाढ थांबते. त्या वेळी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुडे पुन्हा वेगाने येऊ लागतात. याचा अर्थ असा की, तोपर्यंत प्रकाशाची नव्हे तर कार्बनची टंचाई होती. एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलेला मर्यादक घटकांचा नियम तो हाच.

मत्स्यालयाच्या प्रकाशयोजनेचे सर्व मर्म या प्रयोगात सामावलेले आहे. हवेच्या तुलनेत पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे विसरण सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात हा वायू लिटरमागे जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम असतो. ज्या टाक्यांत तो सिलिंडरमधून सोडला जातो तेथे हे प्रमाण साधारणतः २० ते ३० मिलिग्रॅम राखले जाते. म्हणजेच साध्या घरगुती टाकीतील वनस्पती कार्बनच्या दृष्टीने अर्धपोटी असते. अर्धपोटी वनस्पतीवर प्रखर प्रकाश टाकला तर ती त्याचा उपयोग करू शकत नाही. तो प्रकाश वापरतात ती अत्यल्प पोषणावर जगणारी व झपाट्याने वाढणारी शैवाले.

येथे वनस्पतींमधील भेदही लक्षात घ्यावा लागतो. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या वनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवू शकतात. त्यामुळे दख्खनच्या पठारावरील बोअरवेलच्या जड पाण्यात त्या सहसा चांगल्या वाढतात. शेवाळवर्गीय मॉसला ही क्षमता नसते. एकाच दिव्याखाली एका घरी व्हॅलिस्नेरिया फोफावते आणि दुसऱ्या घरी मॉस मरते. अशा वेळी दोष दिव्याला देण्यापूर्वी पाणी तपासणे आवश्यक ठरते.

खोक्यावरील आकडे आणि त्यांचा अर्थ

दिव्याच्या वेष्टनावर सामान्यतः वॅट, ल्यूमेन व केल्व्हिन असे तीन आकडे असतात. यांपैकी वॅट हे केवळ विजेच्या वापराचे माप होय. ‘दर गॅलनला इतके वॅट’ हा जुना ठोकताळा जाड फ्लुरोसंट नळ्यांच्या काळातील आहे. एलईडीच्या बाबतीत तो सर्वस्वी निरुपयोगी असूनही दुकानांतून आजही ऐकू येतो.

ल्यूमेन हे प्रकाशाचे माप खरे, पण ते मानवी डोळ्यासाठी बनवलेले आहे. आपला डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. निळा व तांबडा प्रकाश त्याला मंद भासतो. वनस्पतीच्या दृष्टीने ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशकणांची संख्या महत्त्वाची असते. ती दर चौरस मीटरला दर सेकंदास मायक्रोमोल या एककात मोजतात. पुढील विवेचनात त्यासाठी केवळ ‘मायक्रोमोल’ असा उल्लेख केला आहे. भर दुपारच्या निरभ्र उन्हात हे प्रमाण सुमारे २००० असते. तुलनेसाठी, चांगल्या प्रकाशमान वर्गखोलीत बाकावर साधारण ३०० लक्स प्रकाश असतो. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत सुमारे ७० लक्स म्हणजे एक मायक्रोमोल असे धरले तर ही खोली वनस्पतीच्या लेखी चार मायक्रोमोलची, म्हणजे जवळजवळ अंधारी ठरते. डोळ्यांना लख्ख वाटणाऱ्या दिवाणखान्यातील टाकीत वनस्पती का जगत नाही, याचे उत्तर या आकडेमोडीत आहे.

केल्व्हिनच्या आकड्याविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतात. ६५०० केल्व्हिन म्हणजे वनस्पतींसाठी योग्य, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः हा आकडा प्रकाश डोळ्यांना किती पिवळसर वा निळसर दिसतो एवढेच सांगतो. त्याच आकड्याच्या दोन दिव्यांचा वर्णपट पूर्णतः भिन्न असू शकतो. पांढरा एलईडी हा मुळात निळा दिवा असून त्यावरील पिवळ्या प्रस्फुरक लेपामुळे तो पांढरा भासतो. स्वस्त दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्या रंगाचे उंच शिखर आणि तांबड्या रंगाची उणीव दिसते.

मग वनस्पतीला नेमका कोणता रंग लागतो? एंगेलमान यांनी १८८२ मध्ये तंतुमय शैवालावर लोलकातून वर्णपट पाडून प्राणवायूकडे धावणारे जिवाणू तांबड्या व निळ्या भागापाशी गोळा होतात, हे दाखवले. हरितद्रव्याच्या शोषण-आलेखातील दोन शिखरेही तेथेच असतात. त्यावरून हिरवा प्रकाश वनस्पतीला निरुपयोगी असतो, असे पाठ्यपुस्तकी विधान रूढ झाले आणि जांभळट दिव्यांचा बाजार उभा राहिला. परंतु मॅक्क्री यांनी १९७२ मध्ये २२ पीक-वनस्पतींच्या पानांवर केलेल्या मोजमापांतून हिरवा प्रकाशही लक्षणीय प्रमाणात वापरला जातो, असे दिसून आले. ही मोजमापे जमिनीवरील पिकांची आहेत हे खरे, तथापि विलग केलेले हरितद्रव्य आणि जिवंत पान यांत फरक करावा लागतो हा मुद्दा जलवनस्पतींनाही लागू पडतो. घरगुती टाकीसाठी चांगल्या प्रतीचा पांढरा दिवा पूर्णपणे पुरेसा असतो. तांबडे, हिरवे व निळे एलईडी जोडलेल्या महाग दिव्यांत मासे व तांबडी पाने अधिक खुलून दिसतात. हा लाभ पाहणाऱ्याचा आहे, आणि त्यासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. मात्र तो वनस्पतीचा लाभ म्हणून विकला जाऊ नये.

वनस्पतीनुसार प्रकाशाची गरज

निवडीचा क्रम असा असावा की, प्रथम वनस्पती ठरवावी, मग कार्बन डायऑक्साइड द्यायचा की नाही हे ठरवावे आणि शेवटी दिवा घ्यावा. व्यवहारात हा क्रम नेमका उलटा असतो.

प्रत्येक वनस्पतीचा एक समतोल-बिंदू असतो. त्याखालील प्रकाशात तिने बनवलेले अन्न श्वसनातच खर्ची पडते. अशा मंद प्रकाशात दिवा दहा तास लावला काय अन् चौदा तास लावला काय, ती वाढत नाही. सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींचा हा बिंदू खाली असतो. पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास, आग्नेय आशियातील जावा फर्न व क्रिप्टोकोरायन या त्या गटातील होत. क्रिप्टोकोरायनच्या स्पायरॅलिस व रेट्रोस्पायरॅलिस या प्रजाती पश्चिम घाटातील ओढ्यांच्या काठी नैसर्गिकरीत्या आढळतात. या गटासाठी वाळूच्या पातळीवर १५ ते ३० मायक्रोमोल प्रकाश पुरतो. व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पतींना ३० ते ५० मायक्रोमोल मानवतात. दक्षिण भारतातील रोटाला मॅक्रान्ड्रा किंवा अल्टरनँथेरा यांसारख्या तांबड्या वनस्पतींना ५० हून अधिक मायक्रोमोल लागतात, आणि तेथे कार्बन डायऑक्साइड देणे जवळपास अनिवार्य ठरते. अनुबियासवर असा प्रखर प्रकाश टाकल्यास तिच्या संथ वाढणाऱ्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या पानांवर शैवाल बसते व ते निघता निघत नाही.

येथे एका मोहाविषयी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. सातारा परिसरातील कास पठारावर पावसाळ्यात फुलणारा वायतुरा (अपोनोजेटॉन सातारेन्सिस) ही इंग्रजी वाय अक्षराप्रमाणे दुभंगलेल्या तुऱ्याची प्रदेशनिष्ठ व संकटग्रस्त वनस्पती आहे. अपोनोजेटॉनच्या काही विदेशी जाती मत्स्यालयासाठी विकल्या जात असल्याने हा कंदही घरी आणून लावण्याची इच्छा एखाद्यास होऊ शकते. उघड्या सड्यावरील पावसाळी डबकी, लख्ख प्रकाश आणि त्यानंतरची महिनोन्‌महिन्यांची कोरडी विश्रांती यांवर ज्या वनस्पतीचे जीवनचक्र बेतलेले आहे, ती दिवाणखान्यातील बारमाही पाण्यात कोणत्याही दिव्याखाली रुजणार नाही. तिला तेथून उचलणे हा निव्वळ नाश होय.

दोन फुटी टाकीचे उदाहरण

६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ३६ सेंमी उंच टाकी आपल्याकडे सर्वत्र मिळते. तिची क्षमता सुमारे ६५ लिटर असली तरी वाळू व दगड वजा जाता पाणी साधारण ५५ लिटर भरते. तळाचे क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर होते. सावलीतील वनस्पतींसाठी तळाशी ३० मायक्रोमोल, म्हणजे २१०० लक्स हवे असतील तर तळापर्यंत सुमारे ३८० ल्यूमेन पोहोचले पाहिजेत. बाजूंना विखुरणारा, पृष्ठभागावरून परावर्तित होणारा व पानांत अडणारा प्रकाश मिळून निम्मी घट धरली तर दिवा सुमारे ७६० ल्यूमेनचा लागतो. आजच्या एलईडीतून वॅटमागे ८० ते १०० ल्यूमेन मिळतात असे मानल्यास आठ ते दहा वॅटचा दिवा पुरेसा होतो. ‘लिटरमागे १० ते २० ल्यूमेन’ या प्रचलित ठोकताळ्यानेही ५५० ते ११०० ल्यूमेन असे उत्तर येते. दुकानांत या आकाराच्या टाकीसाठी याच्या तिप्पट क्षमतेचे दिवेही दाखवले जातात. असा दिवा घ्यायचाच असेल तर प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय असलेला घ्यावा, अथवा तो टाकीपासून वर टांगावा.

उंच टाकीबाबत ‘अंतर दुप्पट, प्रकाश चतुर्थांश’ हा नियम उद्धृत केला जातो. तो बिंदूरूप स्रोतासाठी आहे. टाकीच्या लांबीइतका दिवा आणि आतून परावर्तन करणाऱ्या काचा असताना घट एवढी तीव्र नसते. पाण्याच्या शोषणाचाही बाऊ करण्याचे कारण नाही. स्वच्छ पाण्याच्या ४५ सेंमी खोलीत ६८० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश सुमारे एक-पंचमांश घटतो, निळा तर जवळपास तसाच राहतो. भिजत घातलेल्या लाकडाचा चहासारखा रंग पाण्यात उतरला असेल तर मात्र निळा प्रकाश मोठ्या प्रमाणावर अडतो. त्याहून अधिक नुकसान करते ती वरची काच. जड पाण्याचे शिंतोडे वाळून तिच्यावर पांढरा क्षार साचतो आणि महिनाभरात दिवा ‘कमजोर’ झाल्याची तक्रार सुरू होते. नवा दिवा घेण्यापूर्वी ती काच व्हिनेगरने पुसून पाहावी!

मायक्रोमोल मोजणारे यंत्र महाग असते. भौतिकशास्त्र विभागातील साधा लक्समापक रिकाम्या टाकीच्या तळाशी ठेवून घेतलेले वाचन ७० ने भागले तरी पांढऱ्या एलईडीसाठी कामचलाऊ अंदाज मिळतो. भ्रमणध्वनीतील लक्स-अ‍ॅप दोन दिव्यांची तुलना करण्यापुरते वापरावे, त्यांच्या आकड्यावर विसंबू नये.

फ्लुरोसंट नळ्यांविषयी थोडक्यात. ज्यांच्याकडे दोन फुटी, १८ वॅटची ट्यूबलाइट आधीच आहे त्यांनी ती टाकून देण्याची घाई करू नये. तिच्या वर पांढरा किंवा चकचकीत परावर्तक बसवला की सावलीतील वनस्पती तिच्याखाली उत्तम वाढतात. नवीन खरेदी मात्र एलईडीचीच असावी. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील परिषदेत सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या फ्लुरोसंट नळ्यांचे उत्पादन व व्यापार २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले आहे. वीजखर्चाचा फरकही आहेच. दहा वॅटचा एलईडी रोज आठ तास लावल्यास महिन्याला २.४ युनिट वीज लागते, तर ३६ वॅटच्या दोन नळ्यांना, चोकचा खर्च न धरताही, १७ युनिटहून अधिक.

कालावधी, खिडकी आणि सुरक्षितता

महाराष्ट्रात दिवसाची लांबी वर्षभरात साधारणतः ११ ते १३ तासांच्या दरम्यान बदलते, म्हणून दिवाही बारा तास लावावा असा युक्तिवाद केला जातो. परंतु निसर्गात प्रकाश हळूहळू वाढतो व उतरतो. दिवा मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण क्षमतेने जळतो, आणि पाण्यातील तुटपुंजा कार्बन डायऑक्साइड काही तासांतच संपुष्टात येतो. नव्या टाकीसाठी पहिले चार-सहा आठवडे सहा तास व वनस्पती रुजल्यावर आठ तास हे प्रमाण योग्य ठरते. वेळ दररोज तीच असणे महत्त्वाचे असल्याने काही शे रुपयांचा टायमर हा दिव्याइतकाच आवश्यक समजावा. माणसाची शिस्त यासाठी पुरत नाही, विशेषतः घरी पाहुणे आले असता टाकी रात्री अकरापर्यंत उजळून दाखवण्याचा मोह असतो तेव्हा. मासेही विश्रांती घेतात. काळोख्या खोलीत एकदम दिवा लागला की ते दचकून काचेवर आदळतात, म्हणून आधी खोलीतील दिवा लावावा आणि पाच-दहा मिनिटांनी टाकीचा.

टाकी खिडकीत ठेवावी काय? वॉरिंग्टन यांचे उदाहरण समोर असले तरी ते इंग्लंडच्या सौम्य उन्हातील होते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात थेट ऊन पडणाऱ्या टाकीचे पाणी मासे मरण्याइतके तापू शकते. उत्तरेकडील खिडकीचा अप्रत्यक्ष उजेड मात्र पूरक म्हणून स्वागतार्ह आहे. तेवढ्या प्रमाणात दिव्याचे तास कमी करावेत.

पाणी व वीज एकत्र असल्याने दिवा पाण्याच्या तुषारांपासून संरक्षित, शक्यतो आयपी ६७ दर्जाचा असावा. वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी सॉकेटच्या पातळीखाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता तेथेच ठिबकेल. जोडणीवर आरसीसीबी असणे आणि टाकीत हात घालण्यापूर्वी दिवा, हीटर व पंप बंद करणे, याला पर्याय नाही.

योग्य प्रकाशात वनस्पती वाढू लागली की आणखी एक प्रश्न उभा राहतो. तो छाटणीचा. दर पंधरवड्याला मूठभर देठ काढावे लागतात आणि ते सहजपणे नाल्यात किंवा विहिरीत जातात. आपल्याकडे सामान्य असलेली हायड्रिला अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये १९५० च्या दशकात मत्स्यालय-व्यापारातून पोहोचली आणि तेथील जलाशयांची मोठी डोकेदुखी बनली. मत्स्यालयातील शोभेची वनस्पती म्हणून परिचित असलेल्या दक्षिण अमेरिकी कॅबोम्बा फर्काटाने केरळमधील जलाशय व्यापले आहेत. तिच्या गुलाबी फुलांची छायाचित्रे पाहायला गर्दी होते, हा भाग वेगळा. एका पेरापासून नवे रोप उगवू शकते. म्हणून छाटलेले सर्व देठ वर्तमानपत्रावर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवावेत आणि मगच कुंडीतील मातीत अथवा विभागाच्या बागेतील खतखड्ड्यात मिसळावेत.